आत्याबाईंचं नाक

आत्याबाई स्वयंपाक करताना कधी चाखून बघत नसत. उकळी आली की झाकण काढायच्या, वाफेवर वाकायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "मीठ जराक कमी हाय." मिठाला वास नसतो, असं मी एकदा त्यांना सांगितलं. "मिठाले नसंन, वरणाले तं हाय ना?" असं म्हणून त्यांनी चिमूटभर मीठ टाकलं. मी जेवले. बरोबर होतं.

लोणारपासून थोड्या अंतरावरच्या त्या गावात मी उपकेंद्राची सिस्टर म्हणून बदली मागून घेतली होती. नवरा जाऊन वर्ष झालं होतं आणि मलकापूरच्या घरात त्याचे बूट अजून दाराशी होते. गावात खाणावळ नव्हती. गावातल्या आशाताईने मला आत्याबाईंकडे नेलं आणि दोन वेळचं जेवण देणार का, असं विचारलं. आत्याबाईंनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. "देईन. पण वावरात जे असंन तेच भेटंन. फर्माइश चालत नाई."

फर्माइश मी करणारच नव्हते. त्या काळात मी भूक लागली म्हणून जेवत नसे, वेळ झाली म्हणून जेवत असे.

त्या गावच्या लेक, म्हणून सगळं गाव त्यांना आत्याबाई म्हणे. लग्नानंतर सहा वर्षांनी नवऱ्याचा मार सोडून त्या माहेरी परत आल्या होत्या. थोरल्या भावाने, दादांनी, सासरच्यांना न्यायला बोलावलं, तर या चुलीपाशी बसल्या त्या उठल्याच नाहीत. दादा चारचौघांत म्हणाले, "मंग आजपासून तुह्या हातचं पाणीबी मले वर्ज्य." नंतर विहिरीजवळची अर्धा एकर जमीन आणि एक खोली त्यांनीच बहिणीच्या नावावर करून दिली. पण शब्द पाळला. बावीस वर्षं दोघं एकाच गावात राहिले, समोरासमोर आले की एकजण रस्ता बदलायचा.

त्या अर्ध्या एकरात आत्याबाईंचं सगळं होतं. वांगी, मिरच्या, अंबाडी, लसूण, बांधाला तूर. ज्वारी आणि हरभरा शेजारच्या वावरातून यायचा, त्या बदल्यात त्या शेजाऱ्यांना भाजी द्यायच्या. पाणी चुलीवर ठेवून मग भाजी तोडायला जायच्या. "तोडलेलं मान टाकाच्या आंधी गंजात पडलं पाह्यजे," हे त्यांचं शास्त्र. त्या कोथिंबिरीला सांबार म्हणत. तो शेवटी, गंज म्हणजे पातेलं खाली उतरवल्यावर, हाताने चुरून टाकायचा. विळी लावलेली त्यांना चालत नसे.

तिसऱ्या हिवाळ्यात गावात तापाची साथ आली. घरोघरी गोळ्या वाटता वाटता मी थकून गेले. आत्याबाईही आठ दिवस पडून होत्या. उठल्या, चुलीला लागल्या, आणि सगळं पूर्वीसारखं झालं असं मला वाटलं. जेवणात फरक पडला होता का? पडला असणार. मला तो कळला नाही.

एका दुपारी मी त्यांच्याकडे गेले तर अंगणापर्यंत जळाल्याचा वास येत होता. आत चुलीवर वांग्याची भाजी कोळसा झाली होती आणि आत्याबाई तिथेच, हातभर अंतरावर, लसूण सोलत बसल्या होत्या. मी गंज उतरवला तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

"जळालं काय?"

"आत्या, तुम्हाला वास नाही आला?"

त्यांनी हातातली पाकळी सोलून संपवली. "नाक गेलं, सिस्टर. तापात गेलं ते आलंच नाई. जीभबी तशीच. मीठ ठेवलं तं रेतीवानी लागते."

विहिरीचं पाणी आटल्याचं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. पेशंटचं लिहून घ्यावं तसं मी ऐकून घेतलं. मग डॉक्टरांना दाखवलं. येईल हळूहळू, असं ते म्हणाले. आलं नाही.

त्या दिवसापासून चाखायचं काम माझ्याकडे आलं. झाकण काढलं की त्या पळीभर माझ्यापुढे धरायच्या. मी सवयीने म्हणायची, "ठीक आहे." त्यांना ते पटत नसे. "ठीक म्हंजे काय? कमी का जास्त? कमी तं किती कमी?" मला सांगता यायचं नाही. मग त्या पळी खाली ठेवायच्या आणि थांबायच्या. भाकरी तव्यावर असली तरी थांबायच्या. उत्तर देण्यासाठी मला तो घास तोंडात धरून ठेवावा लागे, आणि इतक्या वर्षांत न केलेलं काम करावं लागे: काय खातोय ते बघणं. तिखट आधी लागतं की नंतर, आंबट जिभेवर राहतं की जातं. हळूहळू मी सांगू लागले. मला आनंद वगैरे झाला असं नाही. नाडी मोजावी तसं ते होतं.

उन्हाळ्यात दादा आजारी पडले. खाणं सुटलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, त्याचा अर्थ आम्हा सगळ्यांना माहीत होता. त्यांची सून वर्षा माझ्याकडे आली. "सिस्टर, दादा दोन रोजांपासून आईच्या हातच्या कढी-गोळ्याचं म्हणून राह्यले. माह्यानं तशी होत नाई. आत्यालेच येते ते. तुमी सांगा ना. आपण गुपचूप वाढू, कोणी केलं ते सांगू नोका."

मी आत्याबाईंना निरोप दिला. त्या म्हणाल्या, "करीन. पण चोरून नाई खाऊ घालत. त्याले सांगजो कोणी केलं. मंग त्याची मर्जी."

हरभऱ्याची डाळ त्यांनी भिजवून पाट्यावर वाटली, लसूण-मिरची घालून गोळे वळले, ताकाच्या उकळत्या कढीत एकेक सोडले. पळी माझ्यापुढे आली. मी घास घेतला. त्यांच्या आईची कढी मी कधी खाल्ली नव्हती.

"मी सांगतो तसं पाह्य," त्या म्हणाल्या. "आंबट पह्यलं लागलं पाह्यजे. तिखट घशात. अन् गोड कुठीच नाई."

आंबट पहिलं लागत नव्हतं. त्यांनी आदल्या दिवसाचं ताक ओतलं. अजून नाही. पुन्हा ओतलं. तिसऱ्या खेपेला मी म्हणाले, "आता लागलं." त्यांनी मला परत विचारलं नाही. सांबार चुरला आणि पदराने गंज धरला.

दादांच्या घरी त्या उंबऱ्याबाहेरच बसल्या. वाटी घेऊन मी खाटेशी गेले. "दादा, कढी-गोळे. आत्यांनी केलेत."

दादांनी दाराकडे पाहिलं. तिथून फक्त आत्याबाईंचा गुडघा आणि पातळाचा काठ दिसत होता. मी चमचा तसाच हातात धरला. बऱ्याच वेळाने त्यांनी तोंड उघडलं.

दोन चमचे कढी गेली. अर्धा गोळा गेला. मग ते क्षीण आवाजात म्हणाले, "आंबट जराक जास्त झाली."

"आईचीबी व्हायची," बाहेरून उत्तर आलं.

"हाव," दादांनी कबूल केलं, आणि पुन्हा तोंड उघडलं.

बावीस वर्षांनी ते दोघं एवढंच बोलले. वाटी संपली. आत्याबाईंनी ती मागून घेतली, तिथल्याच पाण्याने धुतली आणि घरी आल्या. वाटेत त्यांनी विचारलं, "सगळी खाल्ली?" मी हो म्हणाले. पुढच्या आठवड्यात दादा गेले. आत्याबाई रडल्या नाहीत, निदान माझ्यासमोर नाही. त्यांनी वाफ्यांना पाणी दिलं.

वर्षभराने माझी मलकापूरला बदली झाली. त्या एसटीपर्यंत आल्या, माझ्या मांडीवर तुरीच्या डाळीची पुरचुंडी ठेवली आणि म्हणाल्या, "बसून खात जाय. उभ्यानं खाऊ नोको." गाडी सुटायच्या आतच त्या वळून चालू लागल्या.

गेल्या पावसाळ्यात वर्षाचा फोन आला. आत्याबाई सकाळी वावरात गेल्या आणि तिथेच गेल्या. मी लसीकरणाला बसले होते. "बरं," म्हणाले. फोन ठेवला आणि पुढच्या बाळाला डोस दिला. त्या दिवशी एकोणीस बाळं होती, सगळी झाली.

संध्याकाळी मेथी घेतली, निवडली, फोडणीला टाकली. नवरा गेल्यापासून एका माणसाच्या स्वयंपाकाचा माझा अंदाज कधी चुकला नव्हता. कढई उतरवली तेव्हा दिसलं, भाजी दोघींना पुरेल एवढी झाली होती. मग ताट घेतलं, खाली बसले आणि जेवले.