कुत्र्याच्या भाकरीवरचं तेल

पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. आम्ही अंधेरीला राहायचो, मी बी.एस्सी.ला होते आणि आमच्या कुत्र्याचे केस झडत होते. पाठीवर टक्कल, कातडीवर कोंडा. तूप पोटात गेलं की कुत्र्याचे केस झडतात, हे आईचं ठाम मत. म्हणजे घरातलं कुणीतरी त्याला चोरून तूप देत होतं, आणि ते कोण हेही तिने ठरवून टाकलं होतं.

"तूच ना गं?"

"आई, शपथ! थेंबसुद्धा दिला नाही!"

तिने त्याचं खाणं आणखी कोरडं केलं. लोणी काढलेलं ताक आणि कोरडी भाकरी, बस. फोडणीचा चमचासुद्धा लागू द्यायची नाही. केस अजूनच गळाले. शेजारच्या काकूंनी खरूज, खरूज म्हणून बोंब ठोकली आणि वडील म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघतो. नाहीतर वर्सोव्याला सोडून येतो." मला रडूच फुटलं.

त्याच आठवड्यात कॉलेजात सरांनी सांगितलं, तेलातुपाचा अंशही नसलेल्या अन्नावर पांढरे उंदीर ठेवले की त्यांच्या शेपटीला खवले धरतात. काही स्निग्धाम्लं प्राण्याच्या अंगात तयारच होत नाहीत, ती खाण्यातूनच मिळावी लागतात. करडईच्या तेलात ती भरपूर. मी बाकावरून उडालेच. आमच्या कुत्र्याला तूप बाधलं नव्हतं, आईचं पथ्य बाधलं होतं!

घरी येऊन तासभर भांडले. शेवटी आई म्हणाली, "कर तुझं काय ते. पण त्याचं काही बरंवाईट झालं, तर मी तुझ्याशी बोलणार नाही." तिचाही त्याच्यावर जीव होता, हे मला तेव्हा कळलं.

रोज भाकरीत चमचाभर करडईचं तेल. पहिले पंधरा दिवस काहीच फरक नाही, मी वडिलांची नजर चुकवत फिरत होते. मग कोंडा कमी झाला. आणि एका सकाळी पाठीवरून हात फिरवला, तर बोटांना बारीक लव लागली. मी अंगणातच नाचले.

दिवाळीला वडील पहाटेची अंघोळ करून बाहेर आले, त्याच्या तांबूस, चकचकीत पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "वर्सोवा रद्द रे!" मला तर सुवर्णपदक मिळाल्यासारखं झालं.

काकू फराळाचं ताट घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. "अगं बाई! याला केलंत तरी काय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईच म्हणाली, "अहो, काही स्निग्धाम्लं अंगात तयार होत नाहीत. खाण्यातूनच द्यावी लागतात."

आणि माझ्याकडे न बघता तिने त्याच्या भाकरीवर तेलाचा आणखी एक चमचा ओतला.