गहू सोंगताना आलेला ताप

बाळंतिणीच्या घरी गेल्यावर बाळाकडे आधी न बघणारी एकच नर्स मी पाहिली. केनवडच्या आमच्या दवाखान्यातल्या नर्सबाई आधी आईजवळ बसत. दिवस गेले असताना ताप आला होता का, अंगावर पुरळ उठलं होतं का, हे विचारत. बायकांना तारखा सांगता येत नसत, म्हणून बाई शेतातली पेरणी-कापणीची कामं विचारत: तेव्हा तूर फुलात होती, की गहू सोंगत होते? मग बोटांवर महिने मोजत.

सत्तरच्या दशकात मी तिथे नवा डॉक्टर होतो. मला वाटे, बाई उगाच वेळ घालवतात.

रिठदच्या एका घरी मुलगी झाली. तिच्या दोन्ही बुबुळांत पांढरं दिसत होतं. सुनेनं ग्रहणात भाजी चिरली म्हणून हे झालं, असं सासूनं ठरवलं आणि तिला माहेरी धाडायची तयारी केली. बाळ दवाखान्यात आणून मला दाखवलं तेव्हा मी 'जन्मजात दोष' एवढंच म्हणालो. 'दोष' ऐकून सासूला आपलंच खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाई मला रिठदला घेऊन गेल्या. वाटेत त्यांनी सांगितलं, काल दवाखान्यात सुनेला विचारलं तेव्हा कळलं: गहू सोंगताना, दुसऱ्या महिन्यात, सुनेला बारीक ताप आणि पुरळ आलं होतं. रुबेला. पुस्तकात मी तो वाचला होता; विचारायचं सुचलं नव्हतं.

बाई बौद्ध. त्या घरात त्यांना अंगणातच उभं राहावं लागे. तिथे त्या हळूच म्हणाल्या, "माह्या बोलन्याले इथं वजन नाही, साहेब. तुमच्या आहे. तुमी बोला."

मी बोललो. त्या तापाचा विषाणू पोटातल्या बाळापर्यंत पोचतो, यात सुनेचा काही दोष नाही, आणि काल मी अर्धवट बोललो ही माझी चूक, हेही सांगितलं. सून माहेरी गेली नाही. बाईंनीच मायलेकींना एसटीनं अकोल्याला नेलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मुलीला एका डोळ्यानं दिसू लागलं.

परतल्यावर सासूनं बाईंना ओसरीवर बसवून चहा दिला. बाई म्हणाल्या, "आधी सुनेले द्या. आठ दिवसांपासून झोपली नाही."

पुढे मी नवजात बाळांमधल्या विषाणूंच्या संशोधनासाठी मुंबईला निघालो. बाई निरोपाला आल्या. हे विषाणू पेशींतल्या गुणसूत्रांचं काय करतात ते बघणार, असं मी सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, हा ताप गरोदर बायांना येऊच नये, असं काही आहे का? लस आहे, पण इथवर यायला वेळ लागेल, मी म्हणालो.

"मंग लवकर करा," बाई म्हणाल्या. "तोवर मी फिरून राह्यलीच आहे."

लस रिठदला पोचेपर्यंत मी निवृत्त झालो होतो आणि बाई नव्हत्या. पण नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत त्या फिरत राहिल्या.