दाराआडचं बोट

नवसाबाईच्या घराच्या दर्शनी भिंतीवर, चौकटीच्या उजव्या हाताला, मलेरियाचा माणूस सहादू गेरूचा एक चौकोन काढून जायचा. पंधरा दिवसांनी फेरी झाली की त्यात पेन्सिलीने तारीख. दिवाळीला भिंतीला चुना लागायचा तेव्हा नवसाबाईचा कुंचा सगळ्यात आधी त्या चौकोनावर फिरायचा. "आपल्या घरावर सरकारची सही कशापायी?" चुना वाळतो न वाळतो तोच सहादू नवा चौकोन काढून जायचा. सात-आठ वर्षं हे असंच चाललं होतं.

मखमलाबादच्या पुढे, कालव्याच्या कडेला त्यांचा दीड एकराचा मळा. शेवंती, थोडा गुलाब, बांधाला मेथी-कोथिंबीर. नवरा गोटीराम सायकलला पाट्या बांधून फूलबाजार गाठायचा. तोडणी नवसाबाईची. काट्यांनी तिची बोटं अशी राठ झाली होती, की गरम तवा ती फडक्याशिवाय उतरवायची.

सरकार दारात येतं ते काहीतरी न्यायला, हे तिचं पक्कं मत. ते तिने बारकूवरून बनवलं होतं. बारकू तिचा धाकटा दीर. आणीबाणीच्या साली त्याला बाजारातून जीपमध्ये घालून नेलं. तपासणी आहे म्हणाले. संध्याकाळी तो पाय फाकून चालत परत आला, हातात तुपाचा डबा. तेव्हा त्याचं लग्नही झालेलं नव्हतं. भाऊबंदांत नसबंदीची बातमी पसरायला दोन दिवस लागले नाहीत, मग त्याला कुणी मुलगी दिली नाही. तुपाचा डबा नवसाबाईने न उघडता कालव्यात सोडला. बारकू अजून मळ्यात पाणी धरायचा, भावाच्या पंक्तीला जेवायचा, आणि लहान पोरांकडे बघायचा नाही.

म्हणून पंच्याण्णवच्या वैशाखात मुलाचं, सोमाचं, लग्न होऊन छाया घरात आली, तशी नवसाबाईने एक रीत घातली. एरवी चार माणसांत फुलं तोडणारी सून, सरकारी माणूस आला की दाराआड जाई.

भाद्रपदात छायाला हुडहुडी भरून ताप आला. दुसऱ्याच दिवशी सहादूची फेरी. घोटीकडचा माणूस, खांद्याला पिशवी, काखेत वही.

"कुणाला ताप-बिप?"

"सुनेला हे जरासा," गोटीराम ओट्यावरून बोलून गेला. नवसाबाईने त्याच्याकडे पाहिलं, पण शब्द सुटला होता.

"मग एक थेंब रक्त घ्यावं लागंल, मावशी."

"ती भायेर यायची नाय. नवी नवरी हे. दारातून बोट देईल."

"देऊ द्या."

आत छाया गोधडीत पडली होती. नवसाबाईने तिला हाताने गप्प केलं, दाराआड उभी राहिली आणि फटीतून स्वतःचं बोट बाहेर काढलं. आपलं आता काय जायचंय? सुई एकदा मारून भागलं नाही, दुसऱ्यांदा मारावी लागली. सहादूने काचेवर थेंब घेतला, वहीत छायाचं नाव लिहिलं आणि चार गोळ्या ठेवून गेला. गोळ्या शेणखताच्या खड्ड्यात गेल्या.

सोमा बायकोला रिक्षाने शहरात, द्वारका चौकातल्या खासगी डॉक्टरकडे घेऊन गेला. गोटीराम कुरकुरला, "सरकारीत फुकट झालं असतं."

"म्हणूनच भ्या वाटतं," नवसाबाई म्हणाली. "आपुन मेथीची जुडी फुकट देतो तवा कोणती देतो? पिवळी पडलेलीच ना?"

"आन् खासगीवाला लय देवमानूस?"

"पैशापायी का व्हईना, गिऱ्हाईक जगवंल."

द्वारकेच्या डॉक्टरने विचारलं, रक्त तपासलं का? सोमाला सहादू रस्त्यात भेटला होता, वही बघून "काही निघालं नाय" म्हणाला होता. सोमाने तेच सांगितलं. मग टायफॉईड असेल म्हणून डॉक्टरने सलाईन लावलं.

ताप हटेना. एक दिवस आड, दुपारी दोनच्या सुमाराला थंडी वाजायची. दोन गोधड्या घालून वर नवसाबाई स्वतः आडवी पडायची, तरी दात वाजायचे थांबत नसत. संध्याकाळी घाम फुटायचा, सकाळी छाया उठून चुलीपाशी. चौथ्या खेपेला नवसाबाईने मनातल्या मनात ओळखलं. हा पाळीचा ताप. तिच्या माहेरी याने दोन माणसं गेली होती.

पण बोलायचं कसं? ज्या डॉक्टरवर तिचा विश्वास, तो सरकारच्या तपासणीवर विसंबला होता. आणि सरकारची तपासणी तिच्याच बोटावर उभी होती.

पुढच्या खेपेला सोमा डॉक्टरकडून उतरल्या तोंडाने आला. "अंगात रक्तच उरलं नाय म्हनतो. असंच चाललं तर भरती करा. आन् यात दिवस राह्यले तर दोघांच्या बी जिवाला धोका."

त्यानंतरच्या फेरीला सहादू आला, तेव्हा नवसाबाई ओट्यावर त्याची वाट बघत बसली होती. आठ वर्षांत पहिल्यांदा.

"त्या दिवसाचं रक्त माझं व्हतं," ती म्हणाली.

सहादूने वहीतून मान वर केली नाही. "म्हायती हे, मावशी."

"कसं काय?"

"सुई दोनदा मारावी लागली. नव्या नवरीचं बोट असं नसतं."

"आन् तरी तिचं नाव लिव्हलं?"

"म्हैन्याला ठरलेल्या काचा भराव्या लागत्यात. तुमी बोट दिलं, मी काच भरली. म्हनलं, गोळ्या तर पोटात गेल्या असतील."

"खड्ड्यात गेल्या."

सहादूने वही मिटली.

"म्हंजे तू बी चोर," नवसाबाई म्हणाली.

"दोघं बी."

बारकू वाफ्यातून फावडं घेऊन आला आणि ओट्यापाशी उभा राहिला. "घेऊ दे, वैनी. मी बघतो," एवढंच म्हणाला. नवसाबाईला वीस वर्षांपूर्वीचं त्याचं चालणं आठवलं. ती उठेना. तेवढ्यात छायाच भिंतीला धरत बाहेर आली.

"आत्या, दाराआड नको. हितंच घेऊ दे."

सुई नवीन, बंद पाकिटातली. काच नवसाबाईच्या डोळ्यांदेखत पुसलेली. छायाचं मनगट तिने स्वतः धरलं. रक्त लगेच आलं, पाणचट. सहादूने चार गोळ्या काढल्या.

"आधी एक तू खा," नवसाबाई म्हणाली.

"मला ताप नाय, मावशी."

"मग खाल्ली तर काय व्हतं?"

सहादूने पाणी मागितलं, त्यातली एक गिळली, तिच्या जागी दुसरी काढून ठेवली, तोंड वाकडं केलं. "कडू हे." नवसाबाईने चहा ठेवला. चहा उकळून, गाळून, पिऊन होईस्तोवर ती त्याचा चेहरा न्याहाळत होती. बारकू फावड्यावर रेलून. मग तिने सुनेच्या हातावर गोळ्या ठेवल्या.

तपासणीची चिठ्ठी तीन दिवसांनी आली. हिवतापच होता. पाच दिवसांच्या आणखी गोळ्या सहादू रोज येऊन देत होता, नवसाबाई रोज पाकीट उलटंसुलटं करून बघत होती. तापाच्या पाळीच्या दिवशी ती गोधड्या उशाशी घेऊन बसली. दोन वाजले, तीन, चार. छाया मेथी निवडत होती.

"आता तरी पटलं का?" गोटीराम म्हणाला.

"आज नाय आला. परवाचं परवा बघू."

दिवाळीला चुना कालवला. छायाची पाळी चुकून आठ-दहा दिवस झाले होते, नवसाबाईने अजून कुणाला कळू दिलं नव्हतं. छायाने घरात ऐकलं होतं तसा कुंचा आधी चौकोनाकडे नेला.

"तेवढं राहू दे."

छाया हसली. "सरकारची सही, आत्या?"

"तारखा राहू दे. उद्या तुला काही झालं, तर कोन कवा आलं व्हतं ते भिंतीवर पायजे."

पेन्सिल फिकी पडली होती. नवसाबाईला वाचता येत नव्हतं. तिने छायाला ओट्यावर बोट दिलेल्या दिवसाची तारीख शोधायला लावली, तिच्यावर पुन्हा पेन्सिल फिरवून घेतली, आणि ती नीट उठली का ते जवळ जाऊन पाहिलं.