गाठीला चाकू

मानेवर उजव्या बाजूला सुपारीएवढी गाठ आली, तेव्हा मी दोंडाईच्याच्या शाळेत शिकवत होते. घरात माझी मोठी जाऊ. सगळे तिला अक्का म्हणतात. तिने लगेच चुना-गुळाचा लेप लावला आणि बजावलं, "याले चाकू लावू देऊ नको. चाकू लागना का गाठ बठ्ठा आंगमा पसरस." सगळ्या अंगात पसरते म्हणे.

दोन महिन्यांत कातडी सोलली, गाठ तिथेच. शेवटी धुळ्याला गेले. सुईच्या तपासणीत टीबी की आणखी काही, नक्की कळेना. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, टीबीच्या गोळ्या द्या नि मोकळ्या व्हा. त्या माझ्याहून हट्टी. "आणि कॅन्सर असला तर? गोळ्या खाण्यात सहा महिने जातील. गाठ काढून तपासू." तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आज त्यांची आठवण निघाली की हात आपोआप जोडले जातात.

गाठ काढायला निघाले तेव्हा अक्का रुसली, ओट्यावरही आली नाही. मीही काही कमी नाही, तिच्या पाया न पडताच एसटीत बसले.

जागा बधिर करून गाठ काढली. तिचे तुकडे दोन बाटल्यांत गेले, एक कॅन्सर बघायला, एक टीबीचे जंतू शोधायला. रिपोर्ट यायचा होता. लेक दहावीला होती, माझं काही झालं तर तिचं काय, याशिवाय दुसरं काही सुचतच नव्हतं. टीबी निघाला. टीबी झाला म्हणून पेढे वाटणारी गावात मी पहिलीच असेन.

अक्काने पेढा घेतला नाही. महिनाभर माझ्या टाक्यांची जागा बघत राहिली. एके दुपारी स्वयंपाकघराचं दार लावून म्हणाली, "पसरनं नाही ना?"

"नाही अक्का."

तिने माझा हात धरून स्वतःच्या काखेत लावला. तिथेही गाठ होती. "दोन वरीस व्हयनात," ती म्हणाली. माझा सगळा राग तिथेच विरला. ती मला नाही, स्वतःलाच चाकूपासून अडवत होती.

दुसऱ्याच दिवशी तिला त्याच बाईंकडे नेलं. तिचीही गाठ काढली, तिचाही टीबीच निघाला. रिपोर्ट घेऊन आम्ही धुळ्याच्या स्टँडवर बसलो होतो. तिने रिपोर्टची घडी करून पिशवीत ठेवली. मग म्हणाली, "गेल्या साले तुले दियेल ते जांभयं लुगडं परत दे. मी मरी जासू असं समजीसन बठ्ठा चांगला लुगडा वाटी टाकात."