घरटी एक सही

हां, तर काल कुठं थांबलो होतो? साहेब आमच्या अंगणात खाटेवर बसले, खाट करकरली आणि आमची तानी फिसकन हसली, तिथं. तानी म्हणजे माझी बायको. ती मयतीतसुद्धा हसते, तिचं काय धरायचं! पुढचं ऐका.

साहेब डहाणूच्या कचेरीतून आले होते, पाड्याला गाव म्हणा या लाडकीच्या अर्जापायी. लाडकी म्हणजे शेजारच्या झिपरूची सून, बारावी झालेली. चौदा सालात आदिवासी ग्रामसभांच्या कायद्याचे नवे नियम निघाले, तेव्हा तलासरीला एका संस्थेनं वर्ग घेतला. तिथं ती कायदा वाचायला शिकली. एसटीतून उतरली की आधी माझ्या ओट्यावर. "आजा, कायदा दिल्लीत होतो, त्याचे नियम मुंबईत होतात आणि अर्थ डहाणूच्या कचेरीत लागतो."

मी म्हटलं, "म्हणजे धान्य दिल्लीचं, आचारी मुंबईचा नि वाढपी डहाणूचा. मग पोट भरणं वाढप्याच्या हाती की गं!"

ती हसली नाही. तिचं मन टेकडीत होतं. आमचा पाडा वेवजीच्या वाटेवर, पण मोठ्या गावाच्या पंचायतीत. पाड्यामागच्या टेकडीवर कुणी दगडखाण मागितली होती आणि त्याच टेकडीखाली आमचा झरा. मोठं गाव लांब, होकार द्यायला त्यांचं काय जातं? पण कायदा म्हणतो, जे लोक आपल्या रूढीनं कारभार चालवतात त्यांचा पाडाही गाव होऊ शकतो. पाडा गाव ठरला, की खाणीसाठी आमच्या सभेला विचारावं लागणार.

सभा आमच्या रीतीनं भरली. आमच्यात घरटी एक माणूस बोलतो. लग्न असो, भांडण असो, त्याचा होकार म्हणजे चुलीभोवतीच्या सगळ्यांचा होकार. लाडकीनं नियम वाचला, "निम्म्याहून जास्त मतदार पाहिजेत."

झिपरू म्हणाला, "निम्मे कशाला? सगळेच आहेत!"

आणि होतेच की! एक घर सुटलं नव्हतं. लाडकीलाही पटलं, कायदा रूढी मानतो, तर होकारही रूढीचा मानणार. घरटी एक सही झाली, कोंबडं कापलं, रस्सा इतका तिखट की झिपरूच्या टकलाला घाम आला.

साहेबांनी सह्या पाहिल्या. "बाई, मतदार किती नि सह्या किती?"

"सगळी घरं आहेत, साहेब," लाडकी म्हणाली.

"घराला मत नसतं, माणसाला असतं."

"पण कायद्यात रूढी लिवलीय."

"असेल. मला नियम बघायचा असतो. नियमात मतदार आहे." माणूस वाईट नव्हता, चहा दोनदा मागून घेतला. "ठराव पुन्हा करा," म्हणाले आणि गेले.

पुन्हा कुणाला घेऊन करणार? दिवाळी झालेली. निम्मे वसईकडं वीटभट्टीवर, बाकीचे डहाणूच्या बोटींवर. लाडकी चारोटीच्या नाक्यावर उभी राहून भट्टीचे टेम्पो अडवायची, सह्या मागायची. ड्रायव्हर ओरडायचे, "ओ वकीलबाई, बाजूला व्हा, चाकाखाली याल!" मग एक दिवस तिनंच नियम पुन्हा वाचला. सभेत झालेला ठराव हवा, रस्त्यावरच्या सह्या चालत नाहीत. तो कागद तिनं स्वतःच चुलीत घातला.

पावसाळ्यात माणसं परतली, तोवर मोठ्या गावच्या सभेनं खाणीला होकार देऊन टाकला होता. आम्ही तरी ठराव केला, या खेपेला माणशी एक सही. तो वर गेला, तो अजून वरच आहे. पहिला सुरुंग उडाला तेव्हा आमच्या कोंबड्या अंडी घालायचंच विसरल्या, आणि तानी मात्र हसत सुटली. एका उन्हाळ्यात झरा गढूळ झाला, दुसऱ्या उन्हाळ्यात आटला. ही एकोणीस सालची गोष्ट.

परवा लाडकी ओट्यापाशी आली. मी विचारलं, "लाडके, तू एवढं शिकलीस, मग सांग. चूक रीतीची का नियमाची?"

ती म्हणाली, "आजा, ते आता नका विचारू. उद्या ठराव मंजूर होऊन आला, तरी गाव आपलं नि पाणी मोठ्या गावच्या विहिरीचं. हंडा द्या तुमचा, उशीर झाला तर तिथल्या बायका भरू देत नाहीत."