जैतुनाच्या पानातलं गणगोत

अहमदपूरच्या अलीकडं आमच्या शेतात जैतुनाची, म्हणजे ऑलिव्हची, दोन झाडं आहेत. एक विहिरीजवळ, एक घराच्या दारात. रोपं माझ्या मेहुणीनं उदगीरहून आणून दिली, बहिणीला हौस म्हणून. फळ कधी धरलं नाही.

"तुझ्या बहिणीनं बिनकामाची झाडं गळ्यात मारली," मी म्हणायचो.

"तुम्ही तरी कुठं लई कामाचे हायेत? सावलीत बसताव न्हवं, बसा गप," बायको म्हणायची.

बायको गेली आणि त्याच उन्हाळ्यात दारातल्या झाडाच्या पानांवर डाग दिसले. दुकानातून बुरशीचं औषध आणून मारलं. डाग गेले तरी मारतच राहिलो. खाली पडलेला पाला रोज झाडून जाळायचा. विहिरीजवळच्या झाडाकडं मात्र फिरकलो नाही. दिवाळीपर्यंत दारातल्या झाडाचे शेंडे वाळायला लागले.

माझी लेक लातूरला शेतकी शिकवते. तिनं दोन्ही झाडांची चांगली, बिनडागाची पानं नेली. वरची बुरशी मरावी म्हणून औषधानं धुतली, तुकडे केले आणि काचेच्या बशांत, बुरशी वाढवायच्या खिरीवाणी घट्ट थरावर ठेवले. काही दिवसांनी मला बोलावून बशा पुढं मांडल्या. विहिरीजवळच्या पानांच्या आतून बुरशी उगवून आली होती. कापसासारखी पांढरी, राखाडी, हिरवट, एक तर गुलाबी. दारातल्या झाडाची बशी जवळजवळ कोरी.

"बघ, माझं झाड कसं साफ हाय," मी म्हणालो.

"साफ न्हाई दादा, एकटं पडलंय," लेक म्हणाली.

मग तिनं समजावलं. बुरशी म्हणजे रोगच असं नसतं. चांगल्या झाडाच्या आत नाना जातीच्या बुरश्या नांदतात, झाडाला त्रास देत नाहीत. काही तर वाईट बुरशीला आत शिरू देत नाहीत. "शेंडे त्यामुळंच वाळले असं मी म्हणणार न्हाई," ती म्हणाली, "पण औषधाला राखणदार कोण अन् चोर कोण, कळत न्हाई."

मी त्या कोऱ्या बशीकडंच बघत बसलो.

बायको आजारी होती तेव्हा डॉक्टर म्हणाले, ताकद कमी आहे, गर्दी नको. कुणीच नको असं ते म्हणाले नव्हते. ते मी ठरवलं. दारातल्या ह्याच झाडाखाली खुर्ची टाकून बसलो. गावातल्या बाया परत धाडल्या. उदगीरहून मेहुणी आली, फडक्यात धपाटे बांधून.

"दाजी, तोंडाला पदर बांधते, उंबऱ्यातूनच बघते."

"बरी झाल्यावर ये."

आतून बायकोनं विचारलं, "कोण हाय?"

"कुणी न्हाई," मी म्हणालो.

मेहुणी ऐकत उभी होती. धपाटे खुर्चीजवळ ठेवून गेली. त्यानंतर आली ती माहेरचं लुगडं घेऊन, बहिणीच्या अंगावर घालायला. तेव्हा तिला कोण अडवणार? माझ्याशी ती बोलली नाही, अजून बोलत नाही.

मी लेकीला विचारलं, "ह्या बुरश्या परत येतात का?"

"येतात. वाऱ्यानं, पावसानं, जुन्या पाल्यावरून नव्या पानात शिरतात. औषध बंद करा, पाला जाळू नका. तुम्ही फक्त अडवू नका, दादा."

ती झाडाचंच बोलत होती. तरी मला तिथं बसवेना.

घरी येऊन विहिरीजवळचा पाला टोपल्यानं आणून दारातल्या झाडाच्या बुडाशी पसरला. मग मेहुणीला फोन लावला. तिनं उचलला.

"ये एकदा," मी म्हणालो.

"आता कुणाला बघाया येऊ, दाजी?"

"तू दिलेलं झाड वाळायलंय," एवढंच म्हणालो.

तिनं फोन ठेवला. येते म्हणाली नाही, नाही येत असंही म्हणाली नाही. मी दारातली खुर्ची उचलली आणि गोठ्यात नेऊन ठेवली.