नळावरच्या म्हातारीचं नाव

भुतंखेतं, भास, संकेत... यातलं काहीएक मी मानत नाही. माझ्या नाती इथे लोकांनी लिहिलेले असले अनुभव मोबाईलवर मोठ्याने वाचतात, तेव्हा मी वाटाणे सोलत हसत असते. परवा धाकटी म्हणाली, "आजी, तुझ्याकडे असला एकही नाही?" आहे. एकच आहे.

१९८३ च्या आसपासची गोष्ट. मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला आमची बैठी चाळ होती, आणि सगळ्यांत मिळून एक नळ. मी मालवणकडची, नवीन लग्न झालेली, सातवी पास. जगातलं सगळं मलाच कळतं अशी ठाम समजूत.

नळामागे पत्र्याच्या आडोशाला एक म्हातारी राहायची. कुठून आली, कोणाला माहीत नव्हतं. ती बोलायचीच नाही. सगळे तिला 'नळावरची' म्हणायचे. उरलंसुरलं द्यायचे आणि हंडा भरताना पायात आली की हाकलायचेही.

मग ब्रदर जोकिम आले. वसईकडचे, तेवीस-चोवीस वर्षांचे, मिशीही धड फुटलेली नाही. पुढे फादर होणार होते. तोवर वस्तीतल्या मुलांचा अभ्यास घ्यायला, आजाऱ्यांना दवाखान्यात न्यायला त्यांना पाठवलं होतं. आल्या आल्या त्यांनी प्रत्येकीला नाव विचारलं. झालं! हा बाटवायलाच आलाय, नाव कळलं की गेलोच आपण — असा मी चाळभर प्रचार केला आणि सगळ्यांना खोटी नावं सांगायला लावली. मी झाले शेवंता, शेजारची बेबी झाली कुंती. ब्रदर इमानदारीत 'शेवंतावहिनी, बरं आहे ना?' विचारायचे आणि मला हाक मारलेली कळायचीच नाही. वहिनी कानाने कमी आहेत असं वाटून बिचारे माझ्याशी ओरडून बोलायचे.

रोज सकाळी ते चहाचा पेला घेऊन म्हातारीपुढे उकिडवे बसायचे. "मावशी, नाव काय तुमचं?" आणि थांबायचे. उत्तर येणारच आहे, असे थांबायचे. ती चहा प्यायची, ते उठायचे.

एकदा मी टोमणा मारलाच. तिला कसलं अहो-जाहो करताय, तिला कळतंय थोडंच?

"नाव माहीत नाही ना वहिनी," ते म्हणाले, "मग निदान अहो तरी म्हणावं. दुसरं काय आहे आपल्याकडे द्यायला?" मग म्हणाले, रात्री प्रार्थनेत चाळीतल्या सगळ्यांची नावं घेतो, हिच्यापाशी येऊन अडतो. देवाला काय सांगू, नळावरची?

"तुमच्या देवाला ठाऊक नाही होय?"

"त्याला असेल. मला नाही, याची लाज वाटते."

शेवंता आणि कुंतीसाठी केलेल्या त्या प्रार्थना कुठल्या पत्त्यावर पोचल्या, देव जाणे.

त्या पावसाळ्यात वस्तीत काविळीची साथ आली. आजाऱ्यांना नेता नेता ब्रदर स्वतःच पडले. त्यांना वसईला घरी नेलं आणि थोड्याच दिवसांत ते गेले. त्यांचा भाऊ सांगायला आला होता. त्या दिवशी नळावर भांडण झालं नाही.

दुसऱ्या सकाळी बघते तर म्हातारी चहाची वाट बघत बसलेली. मी पेला नेला, उकिडवी बसले, विचारलं, "मावशी, नाव काय तुमचं?" ती माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिली. मला थांबता कुठे येत होतं! चुलीवरचं दूध आठवलं, उठले. पण मग रोज जायला लागले. बेबी चिडवायची, "गो, तुका आता एक पांढरो झगो शिवूया."

थंडीत म्हातारीने अंथरूण धरलं. एका सकाळी, चांगलं ऊन पडलेलं असताना, बेबीने मला हाक मारली. म्हातारीला घरघर लागली होती. आमच्याकडे जाणाऱ्याच्या तोंडात पाणी घालतात ते त्याचं नाव घेऊन, म्हणजे त्याला कळतं की हे आपल्यालाच दिलंय. मी चमचा धरला. मावशी म्हटलं, आजी म्हटलं, आये म्हटलं. ओठ घट्ट मिटलेले. पाणी हनुवटीवरून ओघळून जाई. इतके दिवस नळाशी काढले आणि बाई तहानेलीच जाणार... मी पुन्हा चमचा भरला.

तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला, शांत, रोज चहाला यायचा तसा.

"सुंदराबाई, पाणी घ्या."

म्हातारीने डोळे उघडले. माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. तोंड उघडलं. दोन चमचे प्याली, आणि गेली.

मी वळले. मागे दोरीवर कपडे वाळत होते.

"कोण गो ही सुंदराबाई?" बेबी म्हणाली.

"तूपण ऐकलंस?"

"माका काय विचारतंस? तूच तर म्हटलंस."

बेबी शेवटपर्यंत तेच सांगत राहिली. मी म्हटलं नव्हतं. माझा घसा मला ठाऊक आहे.

काही महिन्यांनी जुन्नरकडून एकजण आईला शोधत आला. दवाखान्यात आणलेली, गर्दीत चुकलेली. पार्वती नाव. उजव्या मनगटावर तुळशीवृंदावन गोंदलेलं. शेवटची अंघोळ घालताना ते मनगट मीच धुतलं होतं. त्यावर वृंदावनच होतं, अक्षर एकही नव्हतं. त्याला सगळं सांगितलं, शेवटी सुंदराबाई म्हणून पाणी दिलं तेही. तो ओट्यावर बसून सांगू लागला. सुंदरा हे तिचं माहेरचं नाव. लग्नात बदललं, त्यानंतर तिचा भाऊ तेवढा त्या नावाने हाक मारायचा. तो भाऊ जाऊन वीसेक वर्षं झाली होती.

"कशी हाक मारलीत? एकदा म्हणून दाखवा."

मी म्हणून दाखवलं. माझा फाटका आवाज, मालवणी हेल. तरी तो रडला. "आईला कोणी 'घ्या' म्हटलेलं मी ऐकलं नाही कधी," म्हणाला.

मग डोळे पुसून त्याने विचारलं, हे नाव तुम्हाला सांगितलं कोणी?

ब्रदरांनी, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांना तरी कुठे माहीत होतं? तेच तर बिचारे रोज विचारायचे. मी उठले आणि त्याच्यापुढे चहाचा पेला ठेवला.